जुन्या गाडीचे पाटे: वंगण कुठे लावायचं आणि कुठे नाही

मृगाच्या आधीच्या आठवड्यात विदर्भातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी वॉशिंग रॅम्पवर जा, एकच काम जोरात चालू दिसेल. गाडी वर घेतात, पाण्याच्या माऱ्याने खालची माती उडवतात आणि लगेच डिझेलमध्ये जळकं इंजिन ऑइल मिसळून पंपाने सगळ्या बुडाला मारतात. मालवाहू गाडीला, ट्रॉलीला हे एकवेळ चालून जातं. पण वाड्यात जपून ठेवलेल्या ॲम्बेसेडरला, पद्मिनीला किंवा जुन्या जीपला हाच फवारा मारला तर नुकसान होतं. पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पानांच्या स्प्रिंगा (लीफ स्प्रिंग), आतून वंगणाविना आणि पाण्याने ओले राहतात, बाहेरून चिकट होतात. करकर थोडे दिवस थांबते आणि मग पहिल्यापेक्षा मोठ्याने सुरू होते.

कारण साधं आहे. गाडी चाकांवर उभी असताना पाट्याची पानं एकमेकांवर दाबलेली असतात. बाहेरून मारलेलं तेल पानांच्या कडांवर बसतं, सरकणाऱ्या पृष्ठभागापर्यंत फारसं पोचत नाही. नुकतंच धुतलेलं पाणी मात्र फटीत शिरलेलं असतं आणि वरून तेलाचा थर बसल्यामुळे ते लवकर सुकत नाही. पुढे कोरड्या रस्त्याची धूळ त्या तेलाला चिकटते आणि हळूहळू आत जाते. तेल आणि बारीक रेती मिळून घासायची पेस्ट तयार होते. जळक्या ऑइलमध्ये आधीच काजळी, धातूचा कीस आणि ज्वलनातून आलेली आम्लं असतात. त्यात भर म्हणजे हा फवारा रबरी बुशांवर (पाट्याच्या टोकांत बसवलेल्या रबरी नळ्यांवर), ब्रेकच्या रबरी होजवर आणि ड्रमच्या पाठीमागच्या प्लेटमधून थेट ब्रेक शूवरही जाऊ शकतो. जुन्या गाडीवर हा प्रकार बंदच करावा, असं माझं ठाम मत आहे.

पानं कुठे सरकतात

गाडी दबली की प्रत्येक पान वाकतं आणि वाकताना खालचं पान वरच्यावर सरकतं. हे सरकणं टोकांकडे सगळ्यात जास्त असतं आणि सगळी पानं मध्यात एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टापाशी जवळजवळ शून्य. त्यामुळे वंगणाची खरी गरज टोकांकडच्या भागाला आहे. पाटा ॲक्सलला बांधणाऱ्या यू-बोल्टांनी आवळलेल्या मधल्या भागात सरकणं अपेक्षितच नाही, तिथे जाड वंगण किंवा रंगाचा थर नकोच. रंग तिथे दाबाखाली चुरगळतो, थर पातळ होतो आणि आवळलेले यू-बोल्ट आपोआप ढिले पडतात.

खालच्या आखूड पानाचं टोक वरच्या पानाच्या पोटात रुततं. वंगण नसेल, गंज असेल तर तिथे आडवी खाच पडते. खाचेपाशी ताण एकवटतो आणि हजारो हेलकाव्यांनंतर बरोबर त्याच रेषेवर पान तुटतं. म्हणून तुटलेल्या पानाकडे बघून कारण सांगता येतं. खालच्या पानाचं टोक जिथे टेकतं तिथे तुटलं असेल तर घर्षण आणि गंज. सेंटर बोल्टाच्या भोकातून तुटलं असेल तर यू-बोल्ट ढिले होते. मेन पान, म्हणजे सगळ्यात वरचं लांब पान, डोळ्याजवळ (टोकाच्या गोल वळणाजवळ) तुटलं असेल तर शॅकल, म्हणजे पाट्याचं एक टोक गाडीला जोडणारी हलती कडी, जाम झालेला असतो, किंवा पानांना एकत्र धरणाऱ्या क्लिपा गायब असतात. खड्ड्यातून चाक खाली लोंबकळताना क्लिपा सगळ्या पानांना मेन पानाबरोबर ओढून धरतात. त्या नसल्या की तो झटका एकट्या मेन पानावर जातो. नुसतं पान बदलून कारण तसंच ठेवलं तर नवीन पानही त्याच जागी तुटतं.

जुन्या काळी पानांमधलं हे घर्षण कामाचंही होतं. फोर्डच्या मॉडेल टी गाडीला, म्हणजे १९०८ ते १९२७ च्या काळात, कारखान्यातून शॉकअप येतच नसे. हेलकावे शमवायचं काम पानांचं घर्षणच करी. तरीही पानांची टोकं उचकटून त्यात तेल किंवा ग्राफाइट घाला, असंच कंपनी मालकांना सांगत असे, कारण गंजलेलं घर्षण आणि वंगण घातलेलं घर्षण यात फार फरक आहे. गंजलेला पाटा लहान खड्ड्याला हलतच नाही, मोठ्या खड्ड्याला एकदम सुटतो.

मातीप्रमाणे बिघाड बदलतो

बुलडाणा, अकोला, अमरावती, यवतमाळ, वर्धा या पट्ट्यात काळी कापसाची माती. ही चिकणमाती पाणी धरून ठेवते आणि फुगते. पांदण रस्त्याने पावसाळ्यात गाडी एकदा काढली तरी पानांच्या कडेला, क्लिपांच्या आत आणि शॅकलभोवती गोळे बसतात. वरून सुकलेली दिसते, पण आत ओल टिकते आणि त्या ओलीने गंज धरतो. इथला मुख्य शत्रू गंज.

पूर्वेकडे, भंडारा-गोंदिया-गडचिरोलीच्या धानपट्ट्यात पाऊसही जास्त आणि बऱ्याच ठिकाणी माती रेताड. रेतीतलं क्वार्ट्झ पाट्याच्या पोलादापेक्षा कितीतरी कठीण असतं. तिथे गंज आहेच, वर घासही आहे. म्हणून अकोल्याकडे पाटा उघडा ठेवून वेळोवेळी साफ केला तरी निभतं, पण धानपट्ट्यातल्या कच्च्या रस्त्यावर पाटा गुंडाळूनच ठेवावा.

कुठल्या गाडीला काय

ॲम्बेसेडरला फक्त मागे पाटे आहेत, पुढे टॉर्शन बार. पद्मिनीलाही मागेच पाटे, पुढे कॉइल स्प्रिंग. जुन्या विलिसच्या घडणीच्या महिंद्रा जीपला चारही चाकांना पाटे. स्टँडर्ड हेराल्डला मागे एकच आडवा पाटा, डिफरन्शियलच्या वर आवळलेला. तो काढायची रीत वेगळी आहे, खाली सांगितलेली पद्धत त्याला लावू नका.

काम सुरू करण्याआधी दोन गोष्टी तपासा. पहिली, पानांच्या मध्ये काही पट्टी आहे का. काही गाड्यांच्या पाट्यांत कारखान्यातूनच रबर, जस्ताचा पत्रा किंवा प्लास्टिकच्या पट्ट्या, टोकांना गुंड्या असतात. रबर असेल तिथे तेल किंवा ग्रीस अजिबात नको. दुसरी, डोळ्यातले बुश कसले आहेत. रबरी बुश असेल तर त्याला ग्रीस लागत नाही. खनिज तेलाने रबर फुगतं, मऊ पडतं आणि फाटतं. बसवताना सोपं जावं म्हणून साबणाचं पाणी किंवा सिलिकॉन ग्रीस वापरा. धातूचा बुश आणि बाजूला निपल (ग्रीस भरायचं तोंड) असेल तरच ग्रीस गन.

करकर नेमकी कुठून येते हे आधी ठरवून घ्या, नाहीतर पाटा उघडल्यावर कळतं की आवाज बुशाचा होता. एकाला गाडीचा मागचा भाग दाबत-सोडत राहू द्या आणि दुसऱ्याने पिचकारीने साधं पाणी एकेका जागी मारा: आधी पुढचा डोळा, मग शॅकल, मग पानांची टोकं. ज्या जागी पाणी पडताच आवाज काही मिनिटांसाठी थांबतो ती जागा दोषी.

पाटा न काढता

पानं गंजलेली नसतील, नुसती कोरडी असतील तर एवढं पुरतं.

काम कोब्यावर करा. काळ्या मातीच्या अंगणात जॅक लावायचा तर खाली २ इंच जाडीची, किमान दीड फूट लांब-रुंद बाभळीची फळी हवी. उन्हाळ्यात ही माती टणक वाटते, पण तिला भेगा असतात. जॅकचा लहान पाया भेगेच्या कडेला बसला की एका बाजूने खचतो. पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावा. गाडी चेसिसला जॅक लावून उचला आणि चेसिसखालीच घोड्या (लोखंडी स्टँड) लावा, म्हणजे ॲक्सल खाली लोंबेल आणि पानांवरचा भार जाईल. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका. ॲक्सल लोंबताना ब्रेकचा रबरी होज ताणला जात नाही ना ते पाहा. ताणला जात असेल तर ॲक्सलखाली दुसरा जॅक लावून थोडा आधार द्या.

तारेच्या ब्रशने पानांच्या कडा साफ करा. रॉकेल आता सहज मिळत नाही, डिझेलने चालतं. पाण्याने धुतलं असेल तर पूर्ण सुकू द्या. मे महिन्यात दुपारभर पुरते, ऑगस्टमध्ये दोन दिवसही पुरत नाहीत. म्हणून हे काम मृगाच्या आधी आणि पाऊस संपल्यावर, दसरा-दिवाळीच्या मध्ये करावं.

क्लिपांचे बोल्ट ढिले करा. मग प्रत्येक पानाच्या टोकाशी रुंद चपटा स्क्रूड्रायव्हर घालून फट २ ते ३ मि.मी. उघडा. यापेक्षा जास्त उचकटू नका, मेन पानाच्या कडेला ओरखडा पडला तर तोच पुढे तडा होतो. फटीत हॅकसॉचं जुनं पातं किंवा पुट्टीची पातळ पाती घालून सुकलेली माती आणि गंजाचे पापुद्रे बाहेर ओढा. मग त्याच पातीवर ग्राफाइट ग्रीस घेऊन आत ४ ते ५ इंचांपर्यंत फासा, दोन्ही बाजूंनी. कडेला बाहेर आलेलं ग्रीस फडक्याने पुसून टाका. ते तिथे काही उपयोगाचं नाही, फक्त धूळ धरेल.

पाटा उघडून

पानं एकमेकांपासून उचलली गेली असतील, मध्ये गंजाचे थर दिसत असतील तर वरवरची पद्धत वाया जाते. लोखंडापेक्षा गंजाला जागा कितीतरी जास्त लागते, त्यामुळे तो पानांना आतून ढकलून वेगळं करतो. अशा वेळी पाटा काढून पानं सुटी करणं हाच उपाय.

दोन दिवस आधीपासून यू-बोल्टाच्या, शॅकलच्या आणि पुढच्या डोळ्यातल्या हँगर पिनेच्या नटांवर गंज सोडवणारा स्प्रे मारत राहा. गाडी चाकांवर सपाट उभी असताना दोन्ही बाजूंना चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची मोजून लिहून ठेवा. ही नोंद नंतर फार उपयोगी पडते. एका वेळी एकच बाजू काढा, म्हणजे दुसरी बाजू नमुना म्हणून समोर राहते आणि ॲक्सल जागेवर राहतो.

चेसिस घोडीवर, ॲक्सल जॅकवर. शॉकअपचं खालचं टोक सोडा, यू-बोल्टाचे चारही नट काढा, जॅक थोडा वर-खाली करून पाट्यावरचा ताण शून्यावर आणा, मग शॅकल आणि शेवटी पुढची पिन. पाटा उतरवायला दोन माणसं असावीत.

उघडण्याआधी पाट्याच्या एका कडेला वरून खालपर्यंत तिरकी रेष खडूने ओढा आणि प्रत्येक पानाच्या पुढच्या टोकाला पंचाने ठिपके मारा: पहिल्या पानाला एक, दुसऱ्याला दोन, असं. पंच टोकाच्या कडेपाशीच मारा, मधल्या अंगावर नाही. पानं उलटसुलट बसली तर ॲक्सल मागे-पुढे बसू शकतो, कारण पुष्कळ पाट्यांत सेंटर बोल्ट बरोबर मध्यावर नसतो.

आता सगळ्यात धोक्याची पायरी. आखूड पानाची कमान लांब पानापेक्षा जास्त असते आणि सेंटर बोल्टाने ती जबरदस्तीने एकत्र धरलेली असतात. नुसता बोल्ट काढला की पानं उसळतात. बोल्टाच्या दोन्ही बाजूंना एकेक मजबूत जी-क्लॅम्प लावा किंवा पाटा मोठ्या व्हाइसमध्ये धरा. मग क्लिपा सोडा, बोल्ट काढा आणि क्लॅम्प आलटून पालटून हळूहळू ढिले करा. तोंड पाट्याच्या रेषेत नको. जुना सेंटर बोल्ट परत वापरू नका. त्याच जाडीचा, त्याच मुंडीचा हाय टेन्साइल बोल्ट आणा. मुंडी ॲक्सलच्या गादीवरच्या भोकात नेमकी बसायला हवी. दुकानातला साधा षटकोनी बोल्ट तिथे बसत नाही आणि मग ॲक्सल सरकून गाडी तिरकी चालते.

पानं साफ करायला ग्राइंडरवर तारेचं चाक चालेल. दगडी चाक नको, आणि घासायचं ते लांबीच्या दिशेने. आडवे ओरखडे म्हणजे तडे पडायला आयती जागा. गंज काढायला बाथरूम साफ करायचं ॲसिड वापरायची सवय खेड्यात सर्रास आहे. पाट्यावर ते कधीही वापरू नका. कडक पोलादावर ॲसिड पडलं की तयार होणारा हायड्रोजन धातूत शिरतो आणि पोलाद ठिसूळ होतं. पान वरून चकचकीत दिसतं आणि भार आल्यावर काडकन तुटतं. त्याच कारणाने पाट्याच्या पानांना जस्ताचा मुलामा देण्याच्या भानगडीत पडू नये. गॅस कटरने तापवणं किंवा वेल्डिंग तर मुळीच नाही. सिलिको-मँगनीज पोलादाला कारखान्यात पाणी दिलेलं, म्हणजे तापवून-थंड करून कडक केलेलं असतं, एका जागी तापवलं की तिथलं पाणी उतरतं.

साफ झालेलं पान दोरीने टांगून हातोडीने हलकं ठोका. स्वच्छ लांब नाद आला तर ठीक, बद्द आवाज आला तर तडा शोधा. तडा शोधायला पानाला रॉकेल किंवा डिझेल लावून अर्धा तास ठेवा, पूर्ण पुसा आणि वर खडूची पूड फासा. तडा असेल तर त्यातून तेल पाझरून पुडीवर ओली रेघ उमटते. सेंटर बोल्टाचं भोक, टोकांच्या खाचा आणि मेन पानाचा डोळा या तीन जागा नीट पाहा.

खाच किती खोल चालते? सहा मि.मी. जाडीच्या पानाची जाडी ०.६ मि.मी.ने कमी झाली तर त्याच भाराला तिथला ताण सुमारे २३ टक्क्यांनी वाढतो, कारण ताण जाडीच्या वर्गाच्या उलट प्रमाणात बदलतो. माझ्या मते एवढी झीज ही मर्यादा समजावी आणि त्यापुढे पान बदलावं. हलकी पायरी असेल तर कानशीने तिची कड मोडून उतार द्या. खालच्या पानाच्या टोकाचीही धारदार कड गोल करून घ्या. वंगण कितीही चांगलं असलं तरी धारदार टोक ते खरवडूनच काढतं.

नवीन पान हवं असेल तर ट्रकचे पाटे बांधणारे कारागीर महामार्गालगतच्या मोठ्या गावांत सापडतात. त्यांचा हात पक्का असतो, पण त्यांची सवय भार वाहणाऱ्या गाडीची. मागचा भाग बसलाय म्हटलं की एक पान वाढवून देतात. कारला हे करू देऊ नका. मागचा भाग उंच होतो, गाडी आदळते आणि वाढलेल्या जाडीमुळे जुने यू-बोल्टही पुरेसे आवळले जात नाहीत. जुनं पान सोबत न्या आणि तीच जाडी, तीच रुंदी, तीच कमान मागा.

कोणतं वंगण, किती

उघडलेल्या पाट्याला ग्राफाइट ग्रीस सर्वात बरं, किंवा मॉलिब्डेनम डायसल्फाइड असलेलं चेसिस ग्रीस. पानांमध्ये दाब जास्त आणि हालचाल अगदी थोडी असते. साधं तेल तिथून दाबून बाहेर ढकललं जातं. ग्राफाइटचे किंवा मॉलीचे बारीक पदर मात्र धातूला चिकटून राहतात, ग्रीस कमी झालं तरी. एपी-३ सारखं नेहमीचं लिथियम ग्रीस शॅकलच्या निपलांसाठी ठेवा. पानांमध्ये ते काही नसण्यापेक्षा बरं, एवढंच.

नुसती ग्राफाइटची कोरडी पूड घालावी का? धूळ चिकटत नाही हा तिचा फायदा खरा. पण ग्राफाइट वीज वाहून नेतं आणि ओल मिळाली की पोलादाच्या संगतीत गंजाला मदत करतं. प्रदर्शनापुरत्या बाहेर निघणाऱ्या गाडीला कोरडी पूड चालेल, पावसात निघणाऱ्या गाडीला नाही. ग्रीस असेल तर ते पाणी बाहेर ठेवतं.

घरातली तेलं वापरू नका, विशेषतः जवसाचं. आपल्याकडे ते सहज मिळतं, पण जवसाचं तेल हवेत वाळतं आणि त्याचा चिवट पापुद्रा होतो, म्हणूनच ते रंगात घालतात. पानं त्याने अक्षरशः चिकटतात. करडीचं तेलही थोडंफार तसंच वागतं.

मात्रा कमी लागते. सरासरी ४५ मि.मी. रुंद, ८०० मि.मी. लांब पान आणि ०.२ मि.मी. जाडीचा थर धरला तर एका जोडणीला साधारण ७ घनसेंटीमीटर होतं. सात पानांच्या पाट्यात अशा सहा जोडण्या, म्हणजे ४० ते ४५ ग्रॅम. दोन्ही पाटे मिळून १०० ग्रॅमच्या आत काम होतं, अर्ध्या किलोचा डबा कितीतरी वर्षं जातो. जाड थर दिला तर जास्तीचं सगळं कडेने बाहेर येतं आणि धूळ गोळा करतं. बोटाने फासून नंतर सपाट पातीने एकसारखं ओढा, खालचा धातू पुसट दिसला पाहिजे. मधल्या यू-बोल्टाच्या जागी फक्त तेलाचं फडकं फिरवा, गंज धरू नये एवढ्यापुरतं.

जोडताना सेंटर बोल्टाच्या भोकातून त्याच जाडीचा लांब आट्यांचा रॉड घालून पानं ओळीने रचा, क्लॅम्पने थोडं थोडं आवळत आणा, पानं पूर्ण बसली की रॉड काढून खरा बोल्ट घाला. क्लिपा बसवताना पानं सरकू शकतील एवढी मोकळीक ठेवा. क्लिप चिमटली तर सगळी मेहनत फुकट.

रबरी बुश असलेल्या गाडीत एक गोष्ट नेहमी चुकते. शॅकलचे आणि पिनेचे नट ॲक्सल लोंबत असतानाच पूर्ण आवळतात. मग गाडी खाली आली की बुश कायम पिळलेल्या अवस्थेत राहतो आणि वर्षभरात फाटतो. नट हाताने बसवा, गाडी चाकांवर उतरवा, दोन-चार वेळा दाबून हलवा आणि मगच आवळा. यू-बोल्ट कोपऱ्याकोपऱ्याने, थोडे थोडे, गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधल्या टॉर्कवर (आवळण्याच्या ठरलेल्या जोरावर).

गुंडाळणं

दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या महागड्या गाड्यांच्या पाट्यांना चामड्याची शिवलेली खोळ असे, तिला दोरी ओवलेली आणि आत वंगण सोडायला निपल. तशी खोळ आजही शिवून घेता येते. सीट कव्हर शिवणारा जाड कॅनव्हासची किंवा चामड्याची खोळ मापाने बनवून देतो. माप पाट्याच्या दोन स्थितींत घ्या, भार असताना आणि ॲक्सल लोंबताना, नाहीतर पहिल्याच खड्ड्याला शिवण उसवेल. ओवण खालच्या बाजूला ठेवा आणि सर्वात खालच्या जागी पाणी निथळायला एक लहान भोक. पेट्रोलियम जेलीत भिजवलेली गंजरोधक कापडी पट्टी, जी पाइपलाइनला गुंडाळतात, तीही चांगली. ती टोकाकडून मध्याकडे, अर्धी पट्टी अर्ध्यावर चढवत गुंडाळा.

सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळू नका. ग्रीसने ती फुगते, सैल होते आणि आत शिरलेलं पाणी बाहेर पडू देत नाही.

जीपचे शॅकल

जुन्या जीपच्या पाट्यांना इंग्रजी यू अक्षराच्या आकाराचे शॅकल आणि आट्यांचे बुश असतात. यातल्या काही बुशांना डावे आटे असतात. नट सुटत नाही म्हणून पाइप लावून जोर देण्याआधी दोन्ही दिशांना हलक्या हाताने फिरवून पाहा. ग्रीस दर १,००० मैलांनी, म्हणजे सुमारे १,६०० किलोमीटरला, आणि नाल्याच्या पाण्यातून गाडी काढली तर त्याच दिवशी. चेसिस उचलून शॅकलवरचा भार काढा आणि मग गन चालवा, नाहीतर दाबलेल्या बाजूला ग्रीस पोचत नाही. जुनं काळं ग्रीस संपून नवं स्वच्छ बाहेर दिसेपर्यंत पंप करा. निपलमधून ग्रीस उलटं येत असेल तर निपल काढून तारेने मोकळं करा, तरीही जात नसेल तर बुश उघडावा लागेल.

काम झाल्यावर

वंगण घातल्यावर गाडी एकदम मऊ, डोलणारी वाटली तर पाट्याला दोष देऊ नका. आतापर्यंत गंजाने जे घर्षण होत होतं त्याने मेलेले शॉकअप झाकले होते. गाडीचा कोपरा जोरात दाबून सोडा. एकदा वर येऊन स्थिर झाली तर शॉकअप ठीक, दोन-तीन वेळा डोलली तर नाही. जुन्या ॲम्बेसेडरचे लिव्हरचे शॉकअप असतील तर आधी त्यातलं तेल तपासा, कित्येकदा ते नुसतं कमी झालेलं असतं.

लिहून ठेवलेल्या उंचीशी ताडून पाहा. मोजण्याआधी गाडी दोन-चार वेळा दाबून सोडा आणि थोडी पुढे-मागे ढकला. दोन्ही बाजूंत १२ मि.मी.पेक्षा जास्त फरक राहिला तर एका पाट्याची कमान बसलेली आहे, ती वंगणाने परत येणार नाही.

आता पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार व्हीए मालिकेतला व्हिंटेज क्रमांक घेता येतो, आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. वर्षातला बहुतेक काळ ती शेडमध्ये उभी असते. तिचे पाटे चालून नाही, ओलीत उभं राहून खराब होतात. शेडची जमीन मातीची असेल तर पावसाळ्यात चाकांखाली फळ्या आणि गाडीखाली जाड प्लास्टिक अंथरा, म्हणजे जमिनीतली वाफ थेट पाट्यांवर बसत नाही. तीन-चार महिने उभी राहणार असेल तर चेसिसखाली घोड्या लावून पाट्यांवरचा थोडा भार कमी करा, पण ॲक्सल पूर्ण लोंबू देऊ नका, रबरी बुश पिळलेले राहतात.

पाटा उघडला असेल तर पहिल्या १०० किलोमीटरनंतर यू-बोल्ट परत टॉर्कवर तपासा, ५०० किलोमीटरला आणखी एकदा. पहिल्या तपासणीत नट थोडे फिरतात, पानं जागेवर बसल्यामुळे. दुसऱ्यांदाही तेवढेच फिरले तर मधल्या भागात रंग किंवा ग्रीसचा थर राहिला आहे, किंवा यू-बोल्टाचे आटे खेचले गेले आहेत. आटे खेचले असतील तर यू-बोल्टांचा पूर्ण संच नवीन घाला.